गळालेल्या ओळी

महाराणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या साली माझा थोरला भाऊ अँब्रोज फेनर हा ब्रिस्टलचा सगळ्यांत लाडका नट होता. त्यानं लग्न केलं नव्हतं. घर मी सांभाळायचे आणि चाहत्यांची पत्रंसुद्धा. कुणाला त्याच्या केसांची बट हवी असे, कुणाला स्वतःलाच नट व्हायचं असे, आणि एका पाद्र्याच्या बायकोला दर आठवड्याला त्याच्या आत्म्याची काळजी लागून राही. न्याहारीच्या वेळी मी पत्रं वाचायचे, तो अंडं खाता खाता उत्तरं सांगायचा.

मार्चमध्ये एक पत्र आलं. ‘महोदय, मंगळवारी न्यायाधीशासमोरच्या भाषणात तुम्ही सात ओळी निराळ्याच बोललात. शनिवारी नऊ. तब्येत बरी आहे ना? मी कुणाला सांगितलेलं नाही.’ खाली सही होती, विनिफ्रेड टॅलक. बाई टोप्यांना फिती-फुलं लावायचं काम करत होत्या.

मी हसायला गेले, तर अँब्रोजचा चेहरा पांढराफटक.

“हिला कुणीतरी पाठवलंय,” तो म्हणाला. “मॅनेजरनंच. मला काढायचंय त्याला.”

“अरे, पण ओळी चुकल्या का तुझ्या?”

“तू गप्प बस, डॉर्कस. लिही. म्हणावं, ज्यांना नीट ऐकू येतं त्यांची काही तक्रार नाही.”

मी लिहिलं. पाठवलंही. आज त्याची लाज वाटते.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. ‘तुमचं खरं आहे. सहाव्या वर्षी तापात माझे कान गेले. अकरा वर्षं मी पुढच्या बाकावर बसून तुमचे ओठ वाचते. बाकीचे नट पाठ फिरवतात, शब्द चावतात. तुमचाच शब्द मला दिसतो, म्हणून मी येते. आता तुमचा आवाज लोकांना पूर्वीसारखाच ऐकू येत असेल, पण ओठांवर शब्द दुसरेच असतात. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं.’

अँब्रोजनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. आमच्या मोलकरणीला तो दोनदा आईच्या नावानं हाक मारून बसला होता, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं स्वतःच्या हातानं एका चाहतीला पत्र लिहिलं. एकच वाक्य: ‘पुढे वडिलांचं काय झालं?’

‘नऊ वर्षं जगले,’ त्यांनी कळवलं. ‘आधी रोजच्या कामाच्या हत्यारांची नावं गेली, मग माझं. सगळा वेळ दुःखात नसायचे.’

मला वाटलं, आता तो डॉक्टरकडे जाईल. तो गेला नाही. उलट त्यानं त्यांना विनंती केली, की रोजच्या खेळाला किती ओळी गळाल्या ते सकाळी कळवत जा. तिकिटं तो पाठवू लागला. मिस टॅलक इमानानं कळवायच्या. अकरा. आठ. चौदा. आकडा कमी असला की अँब्रोज दिवसभर गुणगुणायचा. जास्त असला की पुस्तक घेऊन दार लावून बसायचा, आणि मी बाहेरून त्याला तीच ती ओळ घोकताना ऐकायचे.

मे महिन्यात एका प्रयोगाला तो मधेच थांबला. प्रॉम्प्टर पडद्याआडून ओळ सांगत होता. त्याला ती ओळखताच येईना. मी बाल्कनीत होते. तो आपल्या हातांकडे बघत नुसता उभा राहिला. बायका रडायला लागल्या. मग सगळं नाट्यगृह उठून टाळ्या वाजवू लागलं.

दुसऱ्या दिवशी चौतीस पत्रं आली. ‘काय तो मूक अभिनय!’ एकानं तर लिहिलं होतं, की एवढं खरं दुःख आपण कधी पाहिलं नाही.

मिस टॅलकचं पत्र त्यानं शेवटी उघडलं. ‘काल मी मोजलं नाही. तुम्ही घाबरला होतात, आणि लोक टाळ्या वाजवत होते. मला बघवेना, मी उठून गेले.’

“डॉर्कस,” तो म्हणाला, “मॅनेजरला सांगून ये, मी येत नाही आता.”

“आणि पत्रांना काय लिहू?”

“घसा बसलाय म्हणावं. घसा लोकांना समजतो.”

तेच मी चौतीस जणांना लिहिलं. पाद्र्याच्या बायकोनं मध आणि ज्येष्ठमध पाठवला. दिवाळखोर झाला, दारू प्यायला लागला, असंही कुणीकुणी बोलत होतं. उन्हाळा सरता सरता पत्रं थांबली.

मिस टॅलक मात्र रविवारी येऊ लागल्या. तो जुनी भाषणं म्हणायचा, त्या त्याच्या ओठांकडे बघत बसायच्या. एकदा मी त्यांच्या समोर येऊन हळूच विचारलं, “आता बरोबर म्हणतो का हो?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही जरा बाजूला व्हा, मला दिसत नाहीये.”