पेवातली हाक

पेवाचं तोंड उघडलं आणि कडुनिंबाचा वास आवारभर पसरला. सोमाजीचा चेहरा खुलला. मालगुजारांची जमीनदारी गेली त्या साली गावातली निम्मी ज्वारी जमिनीखालच्या पेवांतच बुरशीनं काळी पडली होती. तेव्हापासून तो निंबाचा पाला आणि निरगुडी उकळून दाट काढा करी, त्यात शेणमाती कालवून पेवाच्या भिंती सारवी आणि मगच ज्वारी भरी. आधी लोक हसले, मग काढा मागायला येऊ लागले.

"पाह्य कुंता, बुरशीले आपला काढा पचत नाई."

दसऱ्याला माहेरी आलेल्या कुंतानं वरची मूठभर ज्वारी उचलली. दाणा पांढरा होता, पण हाताला कोमट लागला.

"गरम काऊन लागते, भाऊ?"

"उन्हानं."

ऊन अजून तिथवर आलं नव्हतं.

सोमाजी तिच्या आईचा दुसरा नवरा. पाट लागला तेव्हा कुंता परकरात होती. गाव म्हणे तसं तीही त्याला भाऊच म्हणत राहिली. तो कधी रागावला नाही. फक्त वाट पाहत असे, आणि ते तिला कळत असे.

त्या दिवशी वरवरची ज्वारी काढून झाली. दुसऱ्या दिवशी आत उतरायचं होतं. उतरण्याआधी आत दिवा सोडून तो विझतो का पाहायचं, उतरलेल्याला वरून हाका मारत राहायच्या आणि उत्तर आलं नाही की कमरेचा दोर ओढायचा, ही गावाची रीत.

"दिवा सोड ना गा," शेजारचा लटारू म्हणाला.

"कशाले? सडलं पेव नाकाले कळते. निंबाशिवाय काही वास येऊन राह्यला का तुले?"

येत नव्हता. लटारूनं त्याच्या कमरेला दोर बांधला. सोमाजी उतरला.

"भाऊ!" कुंतानं हाक दिली.

"हो!"

"भाऊ!"

"आता बा म्हण, नाईतर मी बोलतच नाई!"

लटारू खो खो हसला. कुंताही हसली आणि तिनं ओठ मिटून घेतले. थोड्या वेळानं तिनं पुन्हा हाक मारली. "भाऊ!"

उत्तर नाही.

"रुसला वाट्टे," लटारू म्हणाला.

"भाऊ, पुरे झालं आता!"

खाली टोपलीसुद्धा वाजत नव्हती. मग दोघांनी दोर ओढला. तो फार जड झाला होता.

नंतर वरूनच आरशानं ऊन पाडून पाहिलं, तर भिंतीलगतची ज्वारी शेवटपर्यंत पांढरी दिसली. पावसाचं पाणी तळातून झिरपलं होतं. तिथं काळ्या, वाफाळत्या ढेपा झाल्या होत्या, आणि सडक्या धान्याची कोंदलेली हवा निंबाच्या वासाखाली कुणालाच कळली नव्हती.

सोमाजीचं तेरावं झाल्यावर लटारू पेव बुजवायला फावडं घेऊन आला. तळातल्या ढेपा तशाच होत्या. त्या काढायला कोण उतरणार?

"टाकू का माती, बाई?"

"थांबा."

कुंतानं पेटता कंदील दोराला बांधून आत सोडला. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. ती काठावर ओणवी झाली. निंबाचा वास अजून तसाच होता.

"बा!" तिनं हाक मारली, आणि कान देऊन तशीच थांबली. "बा!"