दिवंगत चुआ तौकेंना तिसरं स्मरणपत्र

मित्रांनो, मी एक जुना ईमेल आहे, माल विकायला पाठवतात तसला. लगेच नाक मुरडू नका. तुमच्या बाबांच्या फोनमध्ये माझे शेकडो भाऊ पडलेले असतात आणि बाबा त्यांना ताटावरची माशी उडवावी तसे अंगठ्यानं उडवतात. मलाही उडवतात. पण मी जन्मापासून असा नव्हतो.

मलेशियातल्या पेनांगमध्ये बेकरीच्या भट्ट्या विकणाऱ्या एका लहानशा कंपनीत माझा जन्म झाला. माझी आई बी होंग. चाळिशीतली, ठेंगणी, खायची भारी हौस असलेली. एका दुकानातून तिनं मुगाच्या सारणाची बिस्किटं घेतली, ऑफिसात येईपर्यंत पिशवी रिकामी केली आणि हात पुसून मला लिहायला बसली. 'तौके, तुमची बिस्किटं आज रस्त्यातच संपवली. पण काही करपलेली होती आणि काही पांढरी. भट्टी त्रास देते का? येऊ का बघायला?' खाली तिचं नाव. झालो मी तयार.

तौके म्हणजे दुकानाचा मालक. त्याचं उत्तर दुपारच्या आत आलं. 'ये. जेवून येऊ नकोस.'

भट्टी विकली गेली. ऑफिसात माझं कौतुक झालं, आणि त्या कौतुकानंच माझं वाटोळं केलं. डेरिक नावाचा मॅनेजर आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"होंग, हे एकालाच का पाठवलंस? सगळ्यांना पाठवू."

"बॉस, सगळ्यांची बिस्किटं खाल्ली नाहीत मी."

"खाल्ली असं लिही. कोण बघायला येतंय?"

मग डेरिकनं मला हातात घेतलं. बिस्किटं काढली. करपलेलं, पांढरं काढलं. त्या जागी कंपनीचा इतिहास घातला, कंपनीला मिळालेली ढाल घातली, ढालीचा फोटो घातला. प्रत्येक ओळीत 'आम्ही'. आम्ही असे, आम्ही तसे, आम्ही सगळ्यांत पुढे. ज्याला लिहिलंय तो बिचारा कुठेच नाही. मधेच एक वाक्य खोचलं, 'आपलं काम आम्ही कित्येक वर्षं आदरानं पाहत आहोत.' हे वाक्य घेऊन मी एका बर्फाच्या कारखान्याला भट्टी विकायला गेलो होतो. त्यांनी काय उत्तर दिलं ते लहान मुलांसमोर सांगता येत नाही.

सगळ्यांत वर विषय असतो ना, तिथे डेरिकनं लिहिलं, 'आपल्या कालच्या बोलण्याबद्दल'. काल कोणाशी काही बोलणं झालेलं नसायचं.

"असं लिहिलं की माणूस उघडतोच," डेरिक म्हणाला.

"उघडतो आणि मग शिव्या देतो," बी होंग म्हणाली.

"उघडला ना? मग झालं."

आणि या सगळ्या चरबीखाली नाव मात्र बी होंगचंच राहिलं. बाईचं नाव असलं की लोक जरा हळू चिडतात, असं डेरिकचं म्हणणं.

वर्षं गेली. सरकारी नोंदीतून दुकानांची नावं आणि पत्ते उचलायचे, यंत्रात भरायचे, आणि यंत्रानं मला सोडत राहायचं. उत्तर नाही आलं की पहिलं स्मरणपत्र. मग दुसरं. मग तिसरं, ते जरा लाडात येणारं. मी रोज शेकडो दारांत जायचो आणि शेकडो दारांतून हाकलला जायचो. बी होंग मात्र अजूनही पायीच फिरायची, खायची, बोलायची. कंपनीत जी काही भट्टी विकली जायची, ती तिच्या पायांमुळे. डेरिक ती माझ्या खात्यावर लिहायचा.

एवढी वर्षं काम करून बी होंग अजून कायम झाली नव्हती. शेवटी डेरिकनं तिला सांगितलं, "सून लॉकला भट्टी विक. तू कायम. नाही विकलीस तर मला दुसरी माणसं बघावी लागतील."

सून लॉक म्हणजे चुआ घराण्याचं जुनं, नावाजलेलं बिस्किटांचं दुकान. म्हातारे चुआ बून तेक आदल्या वर्षी वारले होते. आता त्यांची बायको सगळं बघायची. तिला सगळे तौकेसो म्हणायचे, म्हणजे मालकीणबाई. बी होंग दर आठवड्याला तिच्याकडे जाऊन बसायची. भट्टीचा विषय काढायची नाही, गुडघेदुखीचा काढायची. एक दिवस तौकेसोनंच भट्टीचा काढला. बी होंगला ती लाडानं आ होंग म्हणायची.

"आमची भट्टी आता माझ्यासारखी झालीय. तापायला वेळ, निवायला वेळ. तुझी घेईन मी. पण सातवा महिना जाऊ दे, आ होंग."

चिनी पंचांगातला सातवा महिना म्हणजे गेलेल्यांचा. ते घरी येतात, जेवतात, मांडवातलं नाटक पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसून बघतात आणि महिना संपला की परत जातात. त्या दिवसांत कोणी नवी वस्तू घेत नाही. आणि गेलेल्या माणसाला नाव घेऊन उगाच बोलावत नाही. तो येतो, आणि मग जायचं नाव घेत नाही.

बी होंग तडक डेरिककडे आली. "बॉस, सून लॉकचं नाव महिनाभर यादीतून काढा. भट्टी विकल्यातच जमा आहे. आणि नोंदीत अजून म्हाताऱ्यांचंच नाव आहे."

"काढतो," डेरिक म्हणाला. तो तेव्हा ऑफिसच्या दारात पितरांना पोचाव्यात म्हणून खोट्या कागदी नोटा जाळत होता. नोटा जळून गेल्या, हात झटकले आणि विसरला.

यंत्र विसरलं नाही. मी सून लॉकमध्ये गेलो. पहिल्यांदा कोणी उघडलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा पोचलो तेव्हा तौकेसो नवऱ्याच्या फोटोपुढे भात आणि वाफाळती कॉफी मांडत होती. तिच्या मुलीनं, सिओक पिंगनं, फोन उघडला आणि आईकडे बघितलं.

"कोणाचं आहे?" तौकेसोनं विचारलं.

"बाबांना आलंय."

"वाच."

"नको, आई."

"त्यांना आलंय ना? ते इथेच आहेत. वाच."

सिओक पिंगनं मला वाचलं. "विषय, आपल्या कालच्या बोलण्याबद्दल."

"काल बोलले?" तौकेसो म्हणाली. "माझ्याशी तर वर्षभर बोलले नाहीत."

"प्रिय चुआ बून तेक, आपण इतके दिवस गप्प का? आम्ही आपली वाट पाहतोय. नवीन भट्टी बघायला आपल्याला घरून न्यायला बुधवारी गाडी पाठवू का?"

तौकेसोनं उदबत्ती खोचली. "भट्टी बघून झाली म्हणावं त्यांची. गेल्या वर्षी एकदा आत गेले तेवढं पुरे."

ती हसलीही. पण कप सरकवताना कॉफी बशीत सांडली. मी फोनवर उघडाच होतो, सगळं दिसत होतं. मग तिनं त्याच फोनवरून बी होंगला लावलं.

"आ होंग, माझ्या घरात बसून तू खाल्लंस. ते गेलेत हे तुला माहीत होतं."

"तौकेसो, मी नाही पाठवलं ते."

"खाली नाव कोणाचं आहे?"

"माझं," बी होंग म्हणाली.

"त्यांना बोलावलंस तू. या महिन्यात. आता परत येऊ नकोस." फोन ठेवला. सिओक पिंगनं मला पुसलं, पण मी ऑफिसात होतोच, हजार प्रतींत.

तिथे बी होंग डेरिकसमोर उभी होती. "तुम्ही काढतो म्हणालात."

"राहिलं असेल. पण आजच्या काळात कोणी असलं मानतं का?"

"तुमची नवी गाडी दुकानात तयार उभी आहे. का नाही आणली?"

"पुढच्या महिन्यात आणणार."

"का?"

डेरिकनं स्क्रीनकडे बघितलं. "ती माझी गाडी आहे, होंग. आणि पत्राखाली नाव तुझं आहे."

त्या संध्याकाळी बी होंगनं टेबल आवरलं. जाण्याआधी तिनं मला उघडलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं. स्वतःचं एखादं वाक्य कुठे राहिलंय का, ते शोधत असावी. नव्हतं. तिनं मला बंद केलं आणि गेली. सातवा महिना संपल्यावर सून लॉकनं भट्टी घेतली, दुसऱ्या कंपनीकडून.

तर मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुम्हालाही काही ना काही विकायला लागेल. तेव्हा माझ्यासारख्याला दाराबाहेर सोडण्याआधी एवढं करा. ज्याला लिहिताय त्याच्या दुकानात एकदा जाऊन या. त्याचं काही खा. तो जिवंत आहे का, ते बघा. खोटी ओळख दाखवू नका, आणि दुसऱ्याच्या नावानं तर अजिबात लिहू नका. हे मी डेरिकलाही सांगितलं असतं, पण तोही मला वाचत नाही.

बी होंग गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या तळाशी तिचं नाव खोडून नव्या मुलीचं घातलं. ती अजून जागेवर बसायचीच होती. यंत्र सुरू झालं आणि मी पुन्हा निघालो. हातात चौथं स्मरणपत्र, वर तेच नाव. प्रिय चुआ बून तेक, आपण अजून आला नाहीत.