हौदातला बेंदूर

बनाबाईला सेंटरमध्ये लागून चौथं वर्ष चालू होतं. त्यातली पहिली तीन वर्षं तिनं तिसऱ्या मजल्यावरचे संडास धुतले आणि त्या तीन वर्षांत तिचं नाव कुणी विचारलं नाही. "ओ मावशी" एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. मग अनुजा मॅडम मॅनेजर होऊन आल्या. वय सत्तावीस, बोलणं खणखणीत, आणि डोक्यात एकच खूळ, की शॉपिंग सेंटरचा ओला कचरा सेंटरातच जिरवायचा. त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत विटांचा हौद बांधून घेतला, वर पत्रा टाकला, गांडुळं मागवली आणि सगळ्यांना गोळा करून विचारलं, "हे कोण बघणार?" साडीवाले, मोबाईलवाले, वर वडापाव आणि मिसळ विकणारे, जो तो छताकडं बघायला लागला.

"मी बघतो की," बनाबाई म्हणाली. "जनावरच हाय न्हवं?"

लोक हसले. पण बनाबाईला जनावराशिवाय करमत नव्हतं हे त्यांना काय ठाऊक! गावी, कोडोलीला, तिच्या दारात कायम बैलजोडी असायची. शेवटची जोडी पाखऱ्या आणि माणक्या. नवरा बाळासो गेला, शेत भावकीनं कसायला घेतलं आणि बैल विकले. बैल टेम्पोत चढवत होते तेव्हा बनाबाई आत डाळ निवडत बसली होती. ती बाहेर आलीच नाही. नंतर ती कोल्हापुरात रिक्षा चालवणाऱ्या मुलाकडं, अतुलकडं आली, आणि गोठ्याविना राहायची सवय काही तिला लागेना.

आता तिला हौद मिळाला. सकाळी आली की ती आधी पत्रा उचलून "काय रं बाबानू" म्हणायची. पाणी शिंपडायची, भाजीची देठं बारीक चिरून घालायची, वरची चिवट सालं बाजूला काढायची. गांडुळं काय बोलणार, पण खत होत होतं. काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं.

सेंटरच्या मागं एक गल्ली आहे. गल्लीचं आणि सेंटरचं कधीच पटलं नव्हतं. सेंटरला येणाऱ्यांच्या गाड्या गल्लीतल्या दारात लागायच्या, मग शिव्यांची देवाणघेवाण व्हायची. हौदाची बातमी कळल्यावर गल्लीतली धोंडुबाई भांडायलाच आली. सत्तरी उलटलेली, पण आवाज असा, की तिला फोनची गरज पडत नसे.

"कचरा कुजवताय व्हय आमच्या नाकाम्होरं? घुशी हुतील, डास हुतील!"

बनाबाईनं पत्रा उचलला. धोंडुबाईनं वाकून वास घेतला, परत घेतला, आणि भांडायला काही उरलं नाही म्हणून जरा खट्टू झाली. बनाबाई म्हणाली, "तुमच्या भाजीची सालं, देठं आणून द्या की. वाया कशाला घालवायची?"

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई स्टीलच्या डब्यात सालं घेऊन आली. बनाबाईनं ती हौदात घातली, डबा विसळला आणि त्यात मूठभर खत घालून परत दिला. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, चिमूटभर साखर तरी घालायची, हे तिला आईनं शिकवलं होतं. साखर हौदापाशी नव्हती, खत होतं. खताबरोबर चार-दोन गांडुळंही गेली, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. लेकीच सासरी जातात, असं ती म्हणायची.

धोंडुबाईची वाळायला आलेली तुळस महिन्यात तरारली. मग काय, ती गल्लीभर सांगत सुटली आणि गल्लीचे डबे सुरू झाले. वर्षभरात एक खिडकी अशी राहिली नाही, की जिथं बनाबाईचं खत पोचलं नव्हतं. गल्लीनं सेंटरशी भांडणं कमी केली, आणि "ओ मावशी" जाऊन "बनाबाई हाय का?" सुरू झालं. ही हाक ऐकली की तिला फार बरं वाटायचं.

बरं न वाटणारा एकच माणूस होता, सेंटरचे मालक विजयसिंह. त्यांना ती जागा दुचाक्या लावायला हवी होती. अनुजा मॅडमनी वर्षभर त्यांना थोपवून धरलं होतं, पण मालकांनी एक अट घातली होती. "ज्या दिवशी हौदाचा वास सेंटरात आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं फरशी बसंल." फरशी बसली की बनाबाई परत तिसऱ्या मजल्यावर, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आणि आषाढात बेंदूर आला.

बेंदराला बैलांना जुंपायचं नसतं. त्यांना न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी खायला घालायची. बैल विकल्यापासून बनाबाईचा बेंदूर सुनासुनाच जायचा. यंदा आदल्या दिवसापासून तिच्या मनात घोळत होतं, की वर्षभर राबतात ती जनावरं आपल्याकडं आहेत की! राबणाऱ्याला सणाला उपाशी ठेवायचं होय? तिनं पहाटे उठून पुरण शिजवलं, पोळ्या लाटल्या, त्याच डाळीच्या कटाची झणझणीत आमटी केली.

"आत्या, एवढ्या पोळ्या कुणाला?" सून शिवानीनं विचारलं.

"सेंटरातल्या जनावरास्नी."

शिवानीनं अतुलकडं बघितलं, अतुलनं रिक्षाची किल्ली उचलली आणि काढता पाय घेतला.

बनाबाईनं हौदाच्या कडेला हळदीकुंकू वाहिलं. पोळ्या कुस्करून घातल्या. नुसत्या पोळ्या कोरड्या लागतील म्हणून वर आमटी ओतली, हात आखडता न घेता. कोल्हापूरचं माणूस पाहुण्याच्या ताटात रस्सा कमी वाढत नाही, तिथं घरच्या जनावराला काय वाढणार? त्या दिवशी तिनं हौदाला हात लावला नाही. सण होता, त्यांना सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी पण तिनं पत्रा उचलला नाही, खाऊन सुस्तावली असतील म्हणून.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ती जिन्यापाशी पोचली तोच आंबूस वास आला. तिनं धावत जाऊन पत्रा उचलला. गांडुळं बाहेर पडायच्या धडपडीत विटांवर चढली होती आणि तिथंच सुकून चिकटली होती. आतली गेलेलीच होती. बनाबाईनं दोन्ही हातांनी हौद उपसून बघितला, एक तरी हलेल म्हणून. एकही हललं नाही.

अनुजा मॅडम आल्या, त्यांना लाल तवंग दिसला. "बनाबाई, मीठ आणि तिखट! त्यांची कातडी किती नाजूक असते... कशाला घातलंत?"

"बेंदूर व्हता," बनाबाई म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला.

मॅडमना रागवायचं होतं, पण जमलं नाही. त्या तिच्याजवळ ओल्या जमिनीवरच बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मालक येतायत. साडीवाल्यांनी फोन केला. मी सांगते, वरच्या मिसळवाल्यानं चुकून कट टाकला म्हणून."

"न्हाय मॅडम. दुसऱ्याच्या गळ्यात नगा घालू. माझ्याच हातनं मेली ती."

मालक नाकाला रुमाल लावून आले. बनाबाईनं त्यांना सगळं सांगितलं, पोळीपासून आमटीपर्यंत, डोळे पुसत. त्यांनी रुमालाआडून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोमवारी मिस्त्री येईल," आणि गेले.

बनाबाईनं हौद मोकळा केला, घासून धुतला. कट्ट्यावर धोंडुबाईचा डबा होता, सकाळीच आलेला. तिनं तो धुतला, पुसला. आत घालायला काहीच नव्हतं. ती तो तसाच घेऊन गल्लीत गेली, दारात ठेवला आणि हाक न मारता वळली.

"ए बने!" धोंडुबाईनं डबा उघडून बघितला होता. रिकामा डबा परत येतो तो सुतकाच्या घरूनच. आज तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "कोण गेलं गं?"

 बनाबाईनं मान हलवली, पदर तोंडाला लावला, आणि तिथंच पायरीवर बसून जे घडलं ते सांगितलं. धोंडुबाईनं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि एवढंच म्हणाली, "खुळी हाईस. घरला जा."

सोमवारी सकाळी पावसाची भुरभुर होती. मिस्त्री फावडं घेऊन आला, मालकही आले. बनाबाई तिसऱ्या मजल्यावरची बादली घेऊन खाली उभी होती. जाण्याआधी एकदा हौद बघावा म्हणून आली होती.

तेवढ्यात गल्लीच्या फाटकातून धोंडुबाई आली. तिच्या मागं शाळेत शिकवणारी क्रांती, तिच्या मागं तिची शेजारीण मोना, आणि मग नावं माहीत नसलेल्या कितीतरी. प्रत्येकीच्या हातात डबा. सगळ्यांत शेवटी गल्लीतला जोतीराम गवळी म्हशीच्या जुन्या, मुरलेल्या शेणाची पाटी डोक्यावर घेऊन.

"काय हाय हे?" मालकांनी विचारलं.

धोंडुबाईनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. तिनं डब्याचं झाकण काढून बनाबाईच्या पुढं धरलं. आत तुळशीच्या कुंडीतली काळी माती होती, आणि त्या मातीत सात-आठ लाल गांडुळं वळवळत होती.

"काल दिसभर समद्या गल्लीनं कुंड्या उकरल्या. तुझ्या लेकी हाईत. माहेरला आल्यात, घे."

बनाबाई बादलीसकटच पुढं झाली. क्रांतीनं तिच्याकडची बादली काढून घेतली, तेव्हा कुठं तिला डबा धरता आला. जोतीरामनं हौदात पाटी ओतली. त्यावर एकेक डबा उपडा होत गेला. कुणाच्या डब्यात गुलाबाची माती, कुणाच्या डब्यात कोरफडीची. मिसळवाला वरून उतरून आला होता, तो लांबूनच म्हणाला, "मी आजपासनं कटाची बादली येगळी ठिवतो."

मालक हौदापाशी आले. वाकले. मग बनाबाईला म्हणाले, "आमच्या आईनं एकदा बैलाला एवढ्या पोळ्या घातलेल्या, की दोन दिवस डॉक्टर दारात व्हता." आणि मिस्त्रीकडं वळून, "तू जा रं आज. दुचाक्यांचं बघू कुठंतरी."

मिस्त्री गेला. बायका गेल्या. बनाबाई ओल्या गोणपाटानं हौद झाकून तिथंच बसून राहिली. बाजूला डब्यांची ओळ लागली होती, स्टीलचे, प्लास्टिकचे, एक झाकण नसलेला. तिनं सगळे धुवून पालथे घातले आणि मग तिच्या लक्षात आलं, की खत व्हायला अजून दोन महिने आहेत, आणि डबे तर उद्याच परत करायला हवेत.

तिनं कमरेचा मोबाईल काढून सुनेला फोन लावला.

"शिवानी, हरभऱ्याची डाळ शिजत घाल. चांगली दोन किलो घाल. व्हय, परत पुरणपोळ्या. न्हाय गं बाई, ह्या खेपंला माणसास्नी."