कृष्णाजींची नवी आवृत्ती

संयोगिताच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तारखा मोजायला बनशंकरी भागात राहणाऱ्या कृष्णाजींचा मोफत कोड वापरत असे. निवृत्तीनंतर ते एकटेच तो सांभाळत. त्यांनी नवी आवृत्ती काढली, की संयोगिता आधी आपल्या चाचण्या चालवून बघे. या महिन्यात त्या तिसऱ्यांदा नापास झाल्या. कृष्णाजींच्या कोडात चक्क फेब्रुवारी एकतीस दिवसांचा झाला होता. फोनवर ते कानडीत "सरी", म्हणजे "बरं, बघतो" म्हणाले, पण काहीच बदललं नाही. शेवटी ती त्यांच्या घरीच गेली.

दार त्यांनीच उघडलं. दहा वर्षांची ओळख, तरी विचारलं, "कोण पाहिजे, अक्का?"

आतून त्यांच्या पत्नी राजलक्ष्मी आल्या. संयोगिताने चुका सांगितल्या, तशा त्या म्हणाल्या, "नावं विसरतात, चष्मा विसरतात. वय झालं म्हणून मी सोडून दिलं गं. पण कोडात ते कधी चुकले नव्हते."

"चाचण्या पास झाल्या ना?" कृष्णाजींनी काळजीने विचारलं.

"झाल्या, अण्णा."

ऑफिसात परतून तिने त्यांची वर्षापूर्वीची आवृत्ती कायम केली आणि यापुढे त्यांचं नवं काही आपोआप येणार नाही, अशी सोय केली. चाचण्या पास झाल्या. तिला मात्र रडू आवरेना.