टेलिफोनच्या पुस्तकातली चौकट

चंद्रावतीबाईंना परका माणूस काही सापडत नव्हता, आणि तेवढ्यापायी त्यांच्या सुनेची जाहिरात दोन वर्षं अडून बसली होती.

सून पुष्पावती. पिढ्यांपूर्वी मराठी माणसं येऊन वसलेल्या, फ्रेंच आणि क्रेओल बोलणाऱ्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावात घराच्या पुढच्या खोलीत पडदे शिवायची. दोन मशिनी, मदतीला शेजारच्याच घरात दिलेली नणंद कुंती, आणि हात असा की पडद्याच्या चुण्या एकसारख्या पडायच्या. दर ऑगस्टात टेलिफोनच्या पुस्तकाचा एजंट दारात यायचा. पुस्तकाच्या मागच्या पानांवर धंद्यांची यादी असे. तिथे पैसे भरून स्वतःची चौकट घेतली की ज्याला पडदे हवेत तो माणूस यादीवर बोट फिरवत नेमका तुमच्यापाशी येतो, असं तो सांगायचा. ऐकून पुष्पावतीच्या तोंडाला पाणी सुटे. ती पेन हातात घेणार, एवढ्यात सासूबाई व्हरांड्यातून विचारायच्या, "आपल्या मान्सांबिगर कोन येतं तुज्याकडं?"

त्यांची अट साधी होती. ज्या दिवशी कुणी परका दुसऱ्यांदा येईल, त्या दिवशी जाहिरात टाकायची. नातलग काय, भिडेखातर येतातच.

अट रास्त होती, पण परका कोण हे ठरवणार सासूबाईच. नवीन माणूस दिसला की त्यांची चौकशी सुरू व्हायची: कुणाची तू, गाव कुठलं, आईचं माहेर कुठलं. दहा मिनिटांत नातं बाहेर! बों अक्योयची एक बाई त्यांच्या चुलतबहिणीची नातसून निघाली. बेटाच्याच दक्षिण टोकाच्या सुरिनाम गावचा एक गृहस्थ बराच वेळ निसटत होता. शेवटी त्याच्या वडलांनी सासूबाईंच्या भावाबरोबर गणपती खांद्यावर वाहिल्याचं निघालं आणि तोही आपलाच ठरला. पुष्पावतीचा नवरा इंद्रदेव सरकारी कचेरीत होता. तो म्हणायचा की आईला परका हवा असेल तर बंदरावर जाऊन बोटीवरून उतरवून आणावा लागेल. पुष्पावतीला मात्र हसू येत नसे. तिला रागच यायचा. अमक्याची सून म्हणून नको, आपला हात बघून कुणीतरी यावं, एवढंच तिला हवं होतं.

चौऱ्याऐंशी सालच्या जुलैत नाक्यावर बस बंद पडली आणि रोझ-हिलच्या एक क्रेओल शिक्षिका, मादाम रोझमे, खिडकीतला पडदा बघून आत आल्या. सासूबाईंनी चहा पाजून त्यांना अर्धा तास सोडलं नाही. चौकशी रोद्रिग बेटावरच्या आजीपर्यंत पोचली आणि तिथे सासूबाईंनी हात टेकले. मादामचे सहा पडदे पुष्पावतीने कुंतीला हात लावू न देता शिवले आणि घरपोच पाठवले.

ऑगस्टअखेर मादाम पुन्हा आल्या, तेव्हा एजंट व्हरांड्यातच बसला होता. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "आली बग दुसऱ्यांदा. कर सही," त्या म्हणाल्या.

मादामनी पिशवीतून एक पडदा काढला आणि खिडकीला लावून धरला. खाली वीतभर उजेड दिसत होता. "रिदो-ला इन रेत्रेसी," त्या शांतपणे म्हणाल्या. एकदाच धुतला, आणि पडदा आटला.

पुष्पावतीने कापड बोटांत चोळून पाहिलं. ती शिकली होती तेर्गालवर, म्हणजे पॉलिस्टरवर, त्या कापडाला आटणं ठाऊक नाही. दोन वर्षांपासून लोक सुती मागू लागले, तर तेही ती ठाणातून थेट कापत होती. मग तिला झालर आठवली. बों अक्योयला पडद्याखाली लेसची झालर, सुरिनामला झालर, कुंतीच्या घरातसुद्धा झालर. तिला वाटलं नवी फॅशन आली. तिने तोंडभरून कौतुक केलं होतं, वर विकायला लेसचे दोन गुंडाळेही आणून ठेवले होते.

तिने कुंतीकडे पाहिलं. कुंतीने मान खाली घातली. "वैनी, आखूड झालं ते समद्यांनी झालरीनं झाकलं. तुला वाईट वाटंल म्हनून कुनी बोल्लं नाय."

एजंट पेन पुढे करत होता आणि अट पुरी झाली म्हणून सासूबाईही घाई करत होत्या. पुष्पावतीने पेन परत केलं.

"ती शाबासकी द्याया न्हाय आली, आई," ती म्हणाली. "आज सही केली तर अख्ख्या बेटाला झालर लावावी लागंल."

मादामचे पडदे तिने दोनदा धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेल्या कापडातून नव्याने शिवून दिले. मग नातलगांच्या घरी निघाली. एकेकाच्या दारात जायची, आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची आणि पडदे उतरवून आणायची. बों अक्योयची बाई म्हणाली, राहू दे गं, झालर छानच दिसते. पुष्पावतीने ती झालर तिच्यादेखत उसवली. तिला लाज वाटत होती, पण प्रत्येक घरातून निघताना पाय जरा हलके पडत होते. शेवटच्या घरचे पडदे लागेपर्यंत एप्रिल उजाडला. तोवर तिने नवं एकही काम घेतलं नाही.

जूनमध्ये मादाम रोझमे तिसऱ्यांदा आल्या. हातात पिशवी नव्हती, सोबत त्यांच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळेच्या सभागृहाला चौदा उंच खिडक्या होत्या. सासूबाईंनी मुख्याध्यापिकेला आजीचं नावसुद्धा विचारलं नाही.

त्या ऑगस्टात एजंटने बॅग उघडायच्या आत पुष्पावतीने पेन मागून घेतलं. चौकटीत नाव, फोन नंबर आणि फ्रेंचमध्ये एकच ओळ: कापड धुऊन, वाळवून मगच कापतो.

नवं पुस्तक जानेवारीत घरोघर पोचलं. पुढच्या सोमवारी सकाळी फोन वाजला. सासूबाई जवळ होत्या, त्यांनीच उचलला आणि सवयीने सुरुवात केली: कुणाची तू, गाव कुठलं, आईचं माहेर कुठलं. पलीकडची बाई उत्तरं देत गेली. सासूबाईंनी आजीबद्दल दोनदा विचारलं. मग रिसीव्हरवर तळहात ठेवून, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पुष्पे, ये लवकर. हिचं आपल्यात कुनी म्हंजे कुनीच नाय."

पुष्पावतीने हात पुसून फोन घेतला. बाई माएबूरची होती. पुस्तकात लिहिलंय तसं कापड खरंच आधी धुता का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"दोनदा," पुष्पावती म्हणाली.