गाल बघणारी

"तू बघितलंस आणि गप्प बसलीस," तुयारा म्हणाली.

तिच्या डाव्या गालावर तळव्याएवढी काळी खपली धरली होती. पुढ्यात गोठलेले मासे खोक्यात उभे रचलेले, त्यांच्यापलीकडे म्हातारी फ्योक्ला स्टुलावर बसलेली, आणि मासळीची सगळी रांग हातातलं काम टाकून ऐकत होती.

फ्योक्लानं एक मासा उचलून उगाच दुसऱ्या खोक्यात उभा केला.

"बोल ना, एजीय. तुझ्या शेजारी मी दुकान मांडलं, तुझी गिऱ्हाइकं तोडली, मान्य. म्हणून माझा गाल जाऊ द्यायचा?"

आमच्या याकुत्स्कात थोरल्या बहिणीला, आणि वयानं मोठ्या कुठल्याही बाईला, एजीय म्हणतात. भांडतानाही म्हणतात.

उणे पन्नासात ज्याचा चेहरा त्याला कळत नाही. आधी टोचतं, मग जळजळतं, मग बरं वाटायला लागतं. बरं वाटलं की समजावं, कातडी मरायला लागली. तेव्हा समोरच्यानं सांगायचं असतं की बाई, गाल पांढरा पडलाय. दारुडाही सांगतो. ज्याच्याशी कोर्टात वाद चालू आहे तोही रस्ता ओलांडून येतो आणि सांगतो. मग हातमोजा काढून उबदार तळवा गालावर धरायचा, रंग परत येईपर्यंत. जो सांगत नाही त्याला आम्ही माणसात धरत नाही.

बाजाराच्या फाटकावर दवाखान्याचा एक रंगीत कागद आहे, थंडीत त्वचेची निगा कशी राखावी याचा. गुलाबी गालांची एक बाई त्यात हसते. कोमट पाणी भरपूर प्या, थंडी फार असेल तर शक्यतो घरीच थांबा. शक्यतो! पाणी पिऊन बायांनी जायचं कुठे? बाजारात गरम खोली एकच, तिच्यात मालक बसतो. आणि बाया घरी थांबल्या तर कागद छापणाऱ्यांच्या ताटात मासा काय आपल्या पायांनी चालत येणार आहे? बाया हंसाची चरबी तोंडाला फासतात, एकमेकींच्या तोंडाकडे बघतात आणि दिवस काढतात. दुसरं औषध त्यांना कुणी दिलेलं नाही.

त्या बघण्यात फ्योक्लाचा हात धरणारं कुणी नव्हतं. रांगेच्या टोकावरून तिची हाळी यायची, "मात्र्योना, नाक झाक. बिननाकाची बायको कोण नांदवेल?" रांग हसायची आणि मात्र्योना नाक झाकायची. या हिवाळ्यात ती हाळी बंद झाली होती. म्हातारी तुयारावर चिडून बसलीय, असं रांगेनं ठरवून टाकलं होतं.

खरं काय ते फ्योक्लालाच ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस समोर आला की तिला नुसती काळी सावली दिसायची. शस्त्रक्रियेची पाळी उन्हाळ्यानंतर होती. तोवर हे मालकाच्या कानावर गेलं असतं तर जागा गेलीच. गेल्या साली एक बाई बर्फावर घसरून पडली, तर म्हाताऱ्यांची जोखीम नको म्हणून त्यानं तिचं स्टूलच फाटकाबाहेर ठेवलं होतं. जागा गेली की फ्योक्लाला सुनेच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी, कुंडीसारखं बसावं लागलं असतं.

तुयाराचा गाल गेला त्या दिवशी फ्योक्लानं मान वळवून तिच्याकडेच बघितलं होतं, हे रांगेतल्या चौघींनी पाहिलं होतं. आता रांग उत्तराची वाट बघत होती.

"हो," फ्योक्ला म्हणाली. "बघितलं आणि गप्प बसले."

त्यानंतर तिला कुणी चहा दिला नाही. तिच्या तोंडाकडेही कुणी बघेना. मग ती स्वतःच घडीघडी हातमोजा काढून गाल, नाक, हनुवटी चाचपू लागली. चेहरा वाचला, बोटं गेली. आधी चिरा पडल्या, मग शेंडे निळे झाले.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की फाटकाचा दिवासुद्धा दिसेना. गोठलेल्या दुधाच्या वड्या घेऊन परत येताना तुयारा फ्योक्लासमोरून गेली, आणि चार पावलांवर थांबली. म्हातारीच्या नाकाचा शेंडा मेणासारखा पांढरा पडला होता.

सांगायचं नाही, असं ती मनाशी म्हणाली. तिलाही कळू दे. ती मागे फिरली आणि तोंडातून शब्द न काढता म्हातारीच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली, काळा गाल तिच्या डोळ्यांसमोर धरून.

"या बाई, या," फ्योक्ला म्हणाली. "चिर मासा घ्या. पोटाला चरबी बघा कशी आहे. कच्चा खाणार की तळणार?"

तुयारा आणखी वाकली. वीतभर अंतर उरलं. त्या डोळ्यांवर साय होती, खोक्यातल्या माशांच्या डोळ्यांवर असते तशी.

"अहो, बोला तरी. पाहुणे येणारेत का घरी?"

तुयारानं दुधाच्या वड्या बर्फावर ठेवल्या. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि म्हातारीच्या नाकावर तळवा धरला.

"नाक पांढरं पडलंय, एजीय."

आवाज ओळखून फ्योक्ला ताठ झाली. हात झटकला मात्र नाही. पलीकडून मात्र्योनानं ओरडून विचारलं, काय चाललंय दोघींचं?

"हिचं नाक ओढतेय," तुयारा ओरडली. "तू मासे विक."

मग खाली वाकून ती हळूच म्हणाली, "बोलली का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर रांगेला कळलं असतं. रांगेला कळलं की त्याला कळतं." फ्योक्लानं गरम खोलीच्या दिशेनं हनुवटी हलवली. धुक्यात दिशा चुकली होती. "वाईट म्हणून घेतलेलं चालतं. वाईट बाईला जागेवरून कुणी उठवत नाही."

नाकात हळूहळू कळ यायला लागली. रक्त परतत होतं.

"गाल केवढा गेलाय?" फ्योक्लानं विचारलं.

तुयारानं मान पुढे केली. म्हातारीनं हातमोजा काढून निळी बोटं तिच्या गालावर ठेवली, कानापासून जबड्यापर्यंत फिरवली, पुन्हा फिरवली. बोटांना काही कळेना.

मग तिनं बाही वर सारली, हात उलटा केला आणि मनगटाची आतली, अजून जिवंत असलेली कातडी त्या खपलीवर टेकवली.