तुडीलची ओहोटी

फुरकानला कुवेतहून येऊन पस्तीस दिवस झाले होते, आणि सुम्बुल अजून बापाशी आईमार्फत बोलत होती.

"अम्मी, त्यांना सांग, चहा निवतोय."

आणि 'ते' हाताच्या अंतरावर, त्याच चटईवर बसलेले.

सुरुवातीला हफिजाला हसू यायचं. पोर चार वर्षांची असताना बाप गेला, सातव्या वर्षी एकदम दारात उभा राहिला. जरा वेळ लागणारच, असं ती स्वतःला समजावायची. पण वेळच तर नव्हता. शुक्रवारी फुरकान मुंबईला निघणार, शनिवारी त्याचं विमान. पुढची रजा दोन हजार साल उजाडल्यावर.

त्यात ते घड्याळ. फुरकानच्या मनगटावरचं घड्याळ अजून कुवेतच्या वेळेवर होतं, इथल्यापेक्षा अडीच तास मागे. आला त्या दिवशी तो सहज बोलून गेला होता, "परत जायचंच हाय, कशाला काटे फिरवायचे?" बोलणाऱ्याच्या ते लक्षातही राहिलं नाही, पण सुम्बुलच्या राहिलं. त्यानं आणलेली बाहुली खोक्यातच पडून होती. का काढत नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ते अजून तिथंच हायत, अम्मी. घड्याळ बघ त्यांचं."

हफिजाने हे नवऱ्याला सांगितलं नाही. सांगून पोर जवळ आली नसती, आणि त्याची झोप मात्र गेली असती.

मग गेल्या रविवारी धुण्याच्या दगडाने कमाल केली. मागच्या अंगणातला तो दगड फुरकानच्या आजोबांनी मचव्यातून आणलेला, पार बाणकोटच्या पुढून, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथला. पिवळट, खरबरीत. गावात त्याला करळ म्हणतात. हफिजाने आठ-नऊ वर्षं त्यावर कपडे आपटले, पण कधी वाकून पाहिलं नव्हतं. सुम्बुलने पाहिलं.

"अम्मी, दगडात शिंपली हाय! चिकटलेली नाय गो, आतमधी हाय. ही दगडाच्या पोटात गेली कशी?"

हफिजाचे हात साबणात होते. उत्तर दारातून आलं.

"शिंपली आधी आली. दगड मागनं झाला." फुरकान येऊन उकिडवा बसला. "वाळू, शिंपल्या, समुद्राचं पाणी, सगळं थरावर थर बसत गेलं, हजारो वर्षं. मग घट्ट झालं. आम्ही तिकडं पाइप पुरायला चर खणतो ना, तिथंपण निघतात. समुद्र कुठल्या कुठं, आणि मातीत शिंपल्या! आमचा इंजिनीअर म्हणाला, जीवाश्म म्हणतात याला."

"मग तुम्ही एक आणली का नाय?"

हफिजाचे हात साबणातच थांबले. प्रश्न तिच्याकडून न जाता थेट गेला होता.

"नाय आणली," फुरकान जपून म्हणाला, जणू अंगणात चिमणी उतरली होती. "पण हा दगड जिथनं आला तिथं अख्खा खडकच असा हाय. ओहोटीला उघडा पडतो. येतेस?"

सुम्बुलने आईकडे पाहिलं, मग दगडाकडे. "कधी?"

त्यानंतर तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. महाडला एजंटकडची कामं बुधवारपर्यंत, म्हणून दिवस ठरला गुरुवार, तोच एक मोकळा. हफिजाचा भाऊ आदिल सकाळी शाळेची मुलं महाडला सोडतो, तो साडेनऊला जीप घेऊन येणार. सुम्बुलने वहीत यादी केली: गोणपाट, जुने पेपर, दात घासायचा जुना ब्रश, तांदळाच्या भाकऱ्या. पुढे 'हातोडी' लिहून खोडलं होतं, कारण फुरकानने सांगितलं, खडक फोडायचा नाही, सुटे पडलेले तुकडेच उचलायचे.

ओहोटीची वेळ काढायचं काम बापलेकीने मिळून केलं. सोमवारी दोघं तुडीलच्याच घाटावर, सावित्रीच्या काठी जाऊन चिखलात काठी रोवून बसली. साडेनऊला पाणी सगळ्यात खाली गेलं. रोज पाऊण-एक तास पुढे, म्हणजे गुरुवारी बरोबर बाराला. "मी याच पाण्यात पोहायला शिकलो," फुरकान म्हणाला, "चुकायचं नाय." सुम्बुलने वहीत बारा लिहून त्याभोवती गोल काढला.

बुधवारी साडेदहाला साळूबाई आली. बाणकोटकडून एसटीने येणारी ही म्हातारी कोळीण मागच्या दारात पाटी उतरवता उतरवताच बोलायला लागायची. "घे पोरी, कालवं. आत्ता खडकावरनं काढली, अजून पाणी गळतंय बघ. नवरा जायचाय ना, खाऊ घाल त्याला. तिकडं काय, उंटाचं दूध!"

हफिजा हसत हसत कालवं वेचायला बसली आणि तिचा हात पाटीतच राहिला.

कालवं म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्या; त्या काढायच्या तर खडक उघडा पडायला हवा. म्हणजे ओहोटी हवी. आज तुडीलला पाणी अकरानंतर तळाला जाणार. आणि ही बाई दोन तास एसटीत बसून साडेदहाला कालवं घेऊन दारात!

"साळूबाई, तुमच्याकडं पाणी कधी फिरलं आज?"

"साडेआठ-पावणेनऊ. मी एसटीत बसले तवा फिरायलाच आलं होतं. का गो?"

"इथं अजून उतरतंय."

"मग उतरनारच! इथनं तिथवर नदी केवढी लांब. समुद्राचं पाणी फिरलं तरी तुमच्या तुडीलला कळायला दोन-अडीच तास जातात." साळूबाईने तपकीर ओढली. "तुमी गाववाले आपल्या घाटावरचं पाणी बघता नि म्हनता, समुद्र आला!"

उद्या बाराला तिथं पोचायचं, तोवर खडक पाण्याखाली. पोर पाण्याकडे बघत उभी राहणार, आणि परवा बाप जाणार.

पण सांगायचं कसं? पुढच्या पडवीत सुम्बुल शाळेसाठी वेण्या घालून घ्यायची वाट बघत फुरकानला यादी वाचून दाखवत होती. त्याला आत्ता तिच्यासमोर चुकीचं ठरवलं तर? कशीबशी थेट बोलायला लागलेली पोर पुन्हा "अम्मी, त्यांना सांग"वर आली तर?

तिने हाक मारली, "अवो, जरा पाटी उचलू लागा."

फुरकान मागे आला. तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "याच गावचा माणूस मी! काठी रोवत बसलो!" मग हळूच, "तिला काय सांगू?"

"आदिलचं मी बघते. तिला तुम्हीच सांगा."

आदिलचं घर तिसरं. जीप दारातच होती. "साडेसहाला?" तो ओरडला. "शाळेची पोरं काय डोक्यावर घेऊ?" मग बहिणीचं तोंड पाहून म्हणाला, "बरं, भिकूच्या ट्रॅक्स गाडीनं धाडतो त्यांना. पण भाकऱ्या माझ्यापण आण. नि कालवं."

हफिजा धावतच परत आली आणि पडवीच्या दाराशी थबकली.

"... म्हणजे माझं चुकलं," फुरकान सांगत होता. "मी नदीची वेळ धरली. समुद्राची अडीच तास आधी."

सुम्बुलने वहीतल्या बाराभोवतीच्या गोलावर बोट ठेवलं.

"तुम्ही मोठे असून चुकलात?"

"चुकलो. आता वहीत नीट लिही. बारातनं अडीच तास मागे गेलं की..." बोलता बोलता तो थांबला आणि स्वतःच्या मनगटाकडे बघायला लागला. सुम्बुलनेही पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात दहा पन्नास, त्याच्या हातावर आठ वीस.

"अडीच तास मागे!" ती किंचाळली. "अब्बा, तुमचं घड्याळ समुद्रावर चालतं!"

फुरकान एवढ्या जोरात हसला की साळूबाईने मागून विचारलं, काय झालं रे. सुम्बुल हसता हसता त्याच्या गुडघ्यावर आपटली आणि तिथंच राहिली.

हफिजाने दाराला डोकं टेकलं. तेव्हा कुठं तिला आपल्या हाताला अजून कालवांचा वास येतोय हे कळलं.

"पण उठायचं इथल्या वेळेनं," सुम्बुल आता शाळेतल्या बाईंसारखी दटावत होती. "पाचला. नाय तर तुम्ही तिथलेच अडीच बघून झोपून राहाल. आणा हात."

त्याने हात तिच्या मांडीवर ठेवला. तिने नखाने घड्याळाची चावी ओढली आणि जीभ बाहेर काढून, भिंतीकडे बघत बघत, काटे फिरवायला लागली.

"अम्मी, वेण्या नंतर," ती मान वर न करता म्हणाली. "आम्ही कामात हाव."